अभाव की विरोध? टिळकांच्या खटल्यातील एका शब्दाचा विचार

टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांत न्यायासन निःपक्षपाती होते काय, हा प्रश्न निघाला म्हणजे न्या. दावर यांचेच नाव पुढे येते. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दावर १९०८ साली न्यायाधीश म्हणून त्यांनाच जामीन नाकारतात, हा योगायोग चित्तवेधक खरा. परंतु वकील अशिलाच्या मतांना बांधलेला नसतो, आणि एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही.

अधिक गंभीर पुरावा १८९७ च्या खटल्यात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीस केलेल्या भाषणात आहे. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असे सांगून त्यांनी लगेच द्वेष, वैर, तिरस्कार यांचीही त्यातच गणना केली. ‘नञ्’चे अर्थ शिकलेल्या विद्यार्थ्यासही हे खटकावे. अभाव निराळा, विरोध निराळा. ‘अमित्र’ म्हणजे शत्रू. मित्र नसलेला कोणीही नव्हे. १८९१ च्या ‘बंगवासी’ खटल्यात सर न्यायाधीश पेथेरम यांनी विरोधाचाच अर्थ घेतला होता. अभाव मान्य केला की वाचकांत द्वेष चेतविल्याचे दाखविण्याची गरजच उरत नाही. ज्यूरीपुढे तर मराठी लेखांचे इंग्रजी भाषांतर होते! सहा युरोपीयांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोष. प्रिव्ही कौन्सिलने अपिलास परवानगी नाकारली.

१८९८ च्या दुरुस्तीत कलमाच्या स्पष्टीकरणात राजनिष्ठेचा त्याग आणि वैरभावना यांचा उल्लेख आला. निव्वळ अभावाचा नाही. त्या वेळी टिळक तुरुंगातच होते.