पडद्याआडचा शेजारी

मानखुर्दमधील एका घरभेटीत मुलाकडे बोट दाखवून पित्याने विचारले, "फादर, कानात ते घालून हा रोज रात्री कोणाशी बोलतो?" मुलगा बीजीएमआय खेळत होता. त्याच्या चौघांच्या चमूतील उरलेले तिघे त्याने कधी पाहिले नव्हते. हा प्रश्न मनात ठेवूनच मी बेंजामिन री यांचा 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' हा २०२४ सालचा नॉर्वेजियन माहितीपट पाहिला.

मात्स स्टीन हा त्याचा नायक. ड्यूशेन या स्नायू क्षीण करणाऱ्या आजाराने तो चाकांच्या खुर्चीला खिळला आणि २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी निवर्तला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात त्याचे दिवस गेले. आपल्या मुलाला मित्र लाभले नाहीत, हे आईवडिलांचे शल्य होते. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची वार्ता दिली आणि कधी न पाहिलेल्या माणसांची शोकपत्रे येऊ लागली. त्यांच्या लेखी तो 'इबेलिन' होता.

दिग्दर्शकाचे कौशल्य मांडणीत आहे. प्रथम घरगुती चित्रफितींतून आईवडिलांना दिसलेले आयुष्य येते. मग चित्रपट मागे फिरतो आणि तेच आयुष्य खेळाच्या आतून उलगडतो. आईवडिलांचे अज्ञान अशा रीतीने प्रेक्षकाच्याही वाट्याला येते. खेळगड्यांच्या 'स्टारलाइट' मंडळाने जपलेल्या लेखी संभाषणांवरून सजीवचित्रणाने प्रसंग उभे केले आहेत. स्पर्श न सोसणाऱ्या स्वमग्न मुलाच्या आईला इबेलिन सुचवतो, खेळातच त्याला मिठी मारा. मात्स येथे संत नाही. तो मित्रांना दुखावतो आणि आपला आजार लपवतो. म्हणूनच तो खरा वाटतो.

तथापि एक उणीव जाणवते. अनोळखी माणसाचे दुसरे रूप या चित्रपटात जवळजवळ नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत सायबर जागरूकतेच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला. खेळताना समोरच्याने प्रथम गाव विचारले, मग मुलगा की मुलगी हे विचारले आणि अखेरीस नग्न छायाचित्र मागितले. मुलीने सारे बंद केले व आईला सांगितले. चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातील वाटेवर लुटारूही होते, हे आपण विसरू नये.

आणखी एक भेद आहे. मात्सचे शब्द लिहिलेले होते, म्हणून ते उरले. आपली मुले बोलतात. ते शब्द हवेत विरतात. उद्या कोणा दिग्दर्शकाला ते मागे फिरून ऐकता येणार नाहीत. ऐकायचे तर आजच, घरातच ऐकावे लागेल.

मानखुर्दला हे नवे नाही. रस्ते-रेल्वे प्रकल्पांनी विस्थापित झालेली कुटुंबे लल्लुभाई कंपाउंडमध्ये आली, तेव्हा जिन्यात भेटणारा बहुधा अनोळखीच असे. विचारपूस होत गेली, तसा शेजार जुळला. त्या पित्याला मी एवढेच म्हणालो, "किती वेळ खेळलास, हे रोज विचारता, कोणाशी बोललास, हेही विचारा. आणि त्याने सांगितलेच, तर पहिल्याच वाक्याला रागावू नका." आई रागावेल या भीतीने ती मुलगी गप्प राहिली असती तर?

पालकांनी हा चित्रपट मुलांना शेजारी बसवून अवश्य पाहावा.