कोयनेच्या भिंतीतला बदललेला उतार

मोठ्या बांधकामांविषयी आपण लिहितो ते बहुधा कोनशिला आणि उद्घाटन या दोनच प्रसंगांविषयी. मधल्या वर्षांत, काम चालू असतानाच संकल्पन बदलतं, त्याची समीक्षा क्वचितच होते. कोयना धरणाचा छेद मात्र ती करायला भाग पाडतो.

हे धरण दोन टप्प्यांत उंच करण्याचं ठरलं होतं. काम चालू असताना ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला. खालचा भाग आधीच्या हिशेबाचा. वरचा त्याच्याशी जुळवून घेतलेला. त्यामुळे १०३ मीटर उंचीच्या या भिंतीत, पायापासून सुमारे ६६ मीटरवर, मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. तिथून वर भिंत जवळजवळ उभी चढते आणि नेहमीच्या गुरुत्व धरणापेक्षा माथ्याला जड होते.

पाण्याचा दाब पेलायला हा छेद पुरेसा होता. भूकंपासाठी वजनाच्या पाच टक्के आडवं बल धरलं होतं. दख्खनचं पठार तेव्हा स्थिर समजलं जाई, म्हणून या आकड्याला दोष देता येत नाही. दोष पद्धतीच्या मर्यादेत होता. तिच्या लेखी भिंत ताठ होती, पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखीच हलणारी. प्रत्यक्षात माथा अधिक झुलतो, आणि ताण उतार मोडतो तिथे साचतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात आडव्या भेगा पडल्या त्या याच पातळीच्या आसपास. धरण टिकलं, पुढे सांडव्याबाहेरच्या भागाला मागून काँक्रीटचे टेकू द्यावे लागले.

नेहमीच्या छेदाच्या धरणातही अशा धक्क्याने मोठे ताण आले असते, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. तेव्हा साऱ्या भेगा त्या एका निर्णयाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण दुबळी जागा कुठे असेल, हे त्या निर्णयानेच ठरवलं होतं.

अर्धवट बांधलेल्या कामात बदल करताना खर्च किती, मुदत किती, मंजुरी कुणाची, हे आजही आवर्जून विचारलं जातं. जुन्या संकल्पनातलं कोणतं गृहीतक या बदलाने मोडलं, हा प्रश्न त्याच फाइलीत, त्याच दिवशी लिहिला जायला हवा. काँक्रीट ओतल्यावर त्याचं उत्तर शोधायचं म्हणजे टेकूच द्यावे लागतात.