उत्तरेकडील दोन बिऱ्हाडे

प्रवासवर्णन आणि वास्तव्यवर्णन यांस एकाच कपाटात ठेवण्याची चाल आपल्याकडे पडून गेली आहे. वास्तविक पाहता त्या दोहोंत पाहुणा आणि भाडेकरू यांच्याइतके अंतर आहे. पाहुण्यास घराची बैठक दिसते. छप्पर कोठे गळते ते भाडेकरूस ठाऊक. १९६० साली निघालेल्या ‘अपूर्वाई’ने पाहुण्याची दृष्टी किती रसाळ असू शकते हे मराठी वाचकास कायमचे दाखवून दिले. परंतु जो परमुलखात बिऱ्हाड थाटतो, मुलांची शाळा, कराची नोंद आणि डिसेंबरातील दुपारी तीन वाजताचा अंधार हे सारे ज्याच्या नित्याच्या हिशेबात येते, त्याच्या मनाचे चित्रण आपल्या वाङ्मयात त्या मानाने विरळ आहे.

हा विषय आता केवळ वाङ्मयचर्चेपुरता उरलेला नाही. पुण्याजवळ दापोडीस सँडविकचा कारखाना पाहिलेल्यांपैकी थोड्यांसच कल्पना असेल की, १८६२ साली पोलादाचा कारखाना निघून ज्याच्याभोवती वस्ती वाढली, त्या सान्दविकेन नावाच्या लहानशा स्वीडिश गावाचे नाव आपण उच्चारीत आहो. अशा गावांकडे आज आपली मुले-मुली नोकरीस जातात. घरून आई विचारते, “शेजारी कसे आहेत?” उत्तर बहुधा ठरलेले असते: “चांगले आहेत, पण येणेजाणे नाही.” आणि मग थंड हवेच्या देशातील माणसेही थंडच, असा सोपा निकाल आपण देऊन मोकळे होतो. हा निकाल किती उथळ आहे हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी, इंग्रजीत सहज वाचता येण्याजोगी दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

पहिले पेटर वाइस याचे ‘लीव्हटेकिंग’. मूळ जर्मन पुस्तक १९६१ सालचे. वाइस जगास ठाऊक झाला तो १९६४ सालच्या ‘मारा-साद’ या नाटकाने. पण त्याचे अंतरंग समजण्यास हे लहानसे पुस्तक अधिक उपयोगी. १९१६ साली बर्लिनजवळ त्याचा जन्म झाला. वडील ज्यू कुळातले, कापडाच्या धंद्यातले. हिटलरच्या अमदानीत घर उठले ते इंग्लंड, बोहेमिया असे फिरत १९३९ साली आलिंगसोस येथे येऊन टेकले. गोथेनबर्गच्या ईशान्येस सुमारे ४५ किलोमीटरवर हे गाव आहे. योनास आल्स्त्रमर याने १७२४ साली येथे विणकामाचा मोठा उद्योग उभारला आणि पुढे बटाट्याच्या लागवडीचा हिरिरीने प्रसार केला. कापडाची अशी परंपरा असलेल्या गावी वाइसच्या वडिलांनी छपाईचा कारखाना चालविला, आणि चित्रकार होऊ पाहणारा मुलगा तेथे कापडावरील नक्षी काढीत बसला.

आईबापांच्या मृत्यूनंतर मागे वळून पाहणारे हे सारे पुस्तक एकाच अखंड परिच्छेदात लिहिलेले आहे. प्रथम ही लेखकाची लहर वाटते व वाचताना दमछाक होते. परंतु पाचपन्नास पाने गेल्यावर ध्यानात येते की, ज्या घराचे हे वर्णन आहे त्या घरासही उंबरठा नाही. देश बदलतात, रेल्वेस्थानके बदलतात, पण तेच घर, त्याच धाका-दडपणासह, नव्या गावी जसेच्या तसे मांडले जाते. बाहेर स्वीडन आहे याची या घरास जणू वार्ताच नाही. गावाची हकीकत शोधणाऱ्याची येथे निराशा होईल, आणि कारखान्यातील कामगारांस त्याने पडछायेहून अधिक रूप दिलेले नाही, हा आक्षेप मला रास्तच वाटतो. मात्र गावाच्या या अभावातच पुस्तकाचे सत्य दडलेले आहे. निर्वासित कुटुंबास परक्या गावाने झिडकारले नव्हते; कुटुंबानेच आपल्याभोवती जुन्या घराची तटबंदी उभारली होती. दर शनिवारी आपल्याच मंडळींत जमून, आपलेच सण साजरे करून, दहा वर्षांत गावातील एकाही घराचा जिना न चढलेली आपली बिऱ्हाडे मला हे पुस्तक वाचताना सारखी आठवत होती. सणांस माझा विरोध नाही. जिन्याबद्दल बोलत आहे.

वाइस स्वतः त्या तटबंदीतून निसटला. १९४६ साली तो स्वीडनचा नागरिक झाला, स्वीडिश भाषेत त्याने पुस्तकेही लिहिली. तथापि १९५२ साली त्याने पुन्हा जर्मन भाषा हाती घेतली आणि त्याच भाषेने त्याला कीर्ती दिली. राहिला मात्र स्वीडनमध्येच. १९८२ साली स्टॉकहोमला वारला. बिऱ्हाड एका भाषेत आणि लेखणी दुसऱ्या भाषेत, ही स्थिती लाजिरवाणी मानण्याचे कारण नाही, असे त्याचे उदाहरण पाहून म्हणावेसे वाटते.

दुसरे पुस्तक अगदी निराळ्या जातीचे. अँड्र्यू ब्राउन या इंग्रज पत्रकाराचे ‘फिशिंग इन यूटोपिया’ २००८ साली प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्यास ऑर्वेल पारितोषिक मिळाले. ब्राउनने बालपणाचा काही काळ स्वीडनमध्ये काढला, १९७०च्या दशकात स्वीडिश मुलीशी लग्न केले, आणि लाकडाच्या कारखान्यात मजुरी करीत लहान मुलास वाढविले. वाइस मालकाचा मुलगा म्हणून कारखान्यात शिरला, हा मजूर म्हणून. दोघांच्या दृष्टीतील बराचसा फरक येथेच उगम पावतो. ज्या समाजात १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वरिष्ठास, डॉक्टरास, शिक्षकास सर्वांस सरसकट ‘तू’ म्हणण्याचा प्रघात पडला, तेथील समानता कामगाराच्या बाकावरून कशी दिसते, हे वाचावयाचे तर ब्राउनचीच पाने वाचली पाहिजेत. आपण ‘तू, तुम्ही, आपण’ यांच्या पायऱ्यांवर वाढलेली माणसे. आम्हांस तो ‘तू’ प्रथम सलगीचा वाटतो, आणि त्यात सलगी मुळीच नाही हे उमगण्यास दोन हिवाळे लागावे.

मासेमारीची प्रकरणे या पुस्तकाचा प्राण आहेत. तळ्याकाठी न बोलता तासन्‌तास उभे राहणे हाच येथे दोन माणसांचा सहवास असू शकतो, हे ब्राउन सांगत बसत नाही. गळाचे, पाण्याचे, माशांचे इतके बारकाईने वर्णन करतो की, ते आपोआप पटते. उत्तरार्ध मात्र उतरता आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास त्याचा संसार मोडला. त्याच सुमारास, १९८६ साली, पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची हत्या झाली. या दोन घटनांस एकाच तागडीत घालून स्वतःचे दुःख देशाच्या नावे लिहिण्याचा मोह त्याला पुरता आवरलेला नाही. आपले घर मोडले म्हणून देशही मोडला, हे अनुमान भावनेस पटले तरी तर्कास पटत नाही.

शेजाऱ्याच्या प्रश्नाचा उलगडा करण्यास हेन्रिक बेर्यग्रेन व लार्स त्रेगोर्ध या इतिहासकारांच्या २००६ सालच्या ग्रंथाचा आधार घेता येतो. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, स्वीडनच्या राज्यव्यवस्थेने व्यक्तीस कुटुंबाच्या, नवराबायकोच्या, धर्मादायाच्या मिंधेपणातून सोडविले. ज्यास कोणाचे देणे लागत नाही त्याचेच प्रेम खरे, अशी तेथील धारणा आहे. आपल्याकडे शेजारधर्म उसन्या साखरेवर आणि आजारपणातील जागरणांवर पोसला जातो. तेथे त्या गरजा सार्वजनिक व्यवस्थेने उचलल्या. इमारतीच्या सामाईक धुण्याच्या खोलीचीही पाळी आगाऊ नोंदवावयाची असते. शेजाऱ्याने दार ठोठावले नाही, यात अनादर नसून एक प्रकारचा आदर आहे. नव्याने आलेल्यास तो आदर पचत नाही, हे खरे. पण त्यास थंडपणा म्हणणे हे भाषांतरच चुकीचे आहे.

या साऱ्या वाचनात एक व्यक्ती मला सारखी हुकल्यासारखी वाटत राहिली: नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली बायको. वाइसची आई फ्रीदा लग्नापूर्वी बर्लिनच्या रंगभूमीवर माक्स राइनहार्टच्या हाताखाली काम केलेली नटी होती. जिचे सारे भांडवल जर्मन उच्चारात आणि आवाजात, ती पन्नाशी उलटलेली असताना आलिंगसोसला आली. तेथील दुकानात ती पाव कोणत्या शब्दांत मागत असेल? मुलाच्या पुस्तकात ती येते ती बहुतेक भीती आणि दरारा होऊन. तिने स्वतः त्या गावाविषयी काय लिहिले असते, ते पुस्तक मला या दोहोंच्या आधी वाचावयास आवडले असते.