लासुर्ण्याचा ल

चुलतभावाच्या रोपवाटिकेचं पान माउसने ओढून मांडायच्या एडिटरमध्ये केलं. तासाभरात झालं, देखणंही. फक्त 'लासुर्णे'तला ल हिंदी वळणाचा. शासनाने 2009 साली मराठीसाठी प्रमाण ठरवलेला पाकळीचा ल फॉन्टमध्ये होता. पण तो उमटायला पानाची भाषा 'एमआर' सांगावी लागते. एडिटरने परस्पर 'ईएन' ठोकलेलं. हाताने एचटीएमएल लिहिताना हा प्रश्न वरच्या ओळींतच भेटतो. तसा टिम बर्नर्स-लीचा 1990 चा ब्राउझरही एडिटरच होता, टॅग न दाखवणारा. तेव्हा टॅग झाकण्याबद्दल तक्रार नाही. न विचारता भाषा ठरवण्याबद्दल आहे.

"दादा, ल ला काय झालंय?" भावाने विचारलं. दोन्ही ल एकाखाली एक दाखवले.

"आपला वरचा," तो म्हणाला.