मानधन या शब्दाविषयी

अक्कलकुवा तालुक्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे आपल्याला २०२०च्या बातम्यांतून ठाऊक आहेत. करोनाच्या धास्तीने नर्मदाकाठच्या पाड्यांवरची माणसं अंगणवाडीत येईनाशी झाली. तेव्हा मच्छीमाराची नाव मागून घेतली, स्वतः वल्हवली आणि पोषण आहार घेऊन रेलूताई गरोदर बायांपर्यंत, तान्ह्या बाळांपर्यंत पोचल्या.

बातम्यांनी १८ किलोमीटर मोजले. आपण धाडस पाहिलं, त्यामागचा निर्णय पाहिला नाही. वाट खुंटल्यावर काय करायचं ते जागेवर ठरवणं, याला खुर्चीतल्या पुरुषाच्या बाबतीत आपण नेतृत्व म्हणतो. बाईच्या बाबतीत सेवाभाव.

आता शब्द पाहा. सेविकेला मिळतं ते 'मानधन', वेतन नव्हे. काम नोकरीचं, नाव सेवेचं. इथे 'मान' ही धन कमी देण्याची सबब होते. एकात्मिक बालविकास योजना १९७५ची. सेविका-मदतनिसांना १९७२चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे आणि त्यांचं काम अर्धवेळ म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२मध्ये सांगावं लागलं.

कुणी म्हणेल, मग सत्कार करायचे नाहीत का? जरूर करावेत. आमचं म्हणणं एवढंच, की संकटात बाईला पुढे करायचं आणि पगाराच्या वेळी 'सेविका' म्हणायचं, ही लबाडी आहे. पुढच्या सत्काराला गेलो, तर शाल देण्याआधी विचारू या : ताई, या महिन्याचं मानधन झालं का? आणि किती?