समासातला शास्त्रार्थ

यहुदी धर्मशास्त्रावरील ‘शुल्हान आरूख’ हा ग्रंथ १५६५ साली व्हेनिस येथे प्रथम छापला गेला. नावाचा अर्थ मांडलेले मेज. त्याचा कर्ता योसेफ कारो हा स्पेनकडील यहुद्यांच्या परंपरेतला. क्राकोच्या मोशे इस्सेर्लिस याने आपल्याकडील चालीरीतींच्या टिपा त्यास जोडल्या आणि त्यांस ‘मप्पा’, म्हणजे मेजावरची चादर, असे नाव दिले. मूळ एका वळणाच्या टाइपात, टीप दुसऱ्या. शास्त्र कोणते आणि देशाचार कोणता, हे पान पाहताच कळते. पुढे क्राकोच्याच योएल सिर्किस याने आपल्या छापील तालमुदाच्या समासात हाताने केलेल्या दुरुस्त्या त्याच्या मागे छापल्या गेल्या, आणि आज त्या तालमुदाच्या पानावरच बसल्या आहेत.

आपल्या देवघरातील फडताळाची गोष्ट निराळी. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०-९१ मध्ये रचलेला ‘धर्मसिंधु’ मुद्रणामुळे घरोघर गेला. निपाणी-बेळगावकडील जुनी दप्तरे वकिलीच्या निमित्ताने चाळताना अशा प्रती माझ्या हाती आल्या आहेत. समासात कुठे मोडी, कुठे कानडी अक्षर. एकादशीच्या प्रकरणाशी स्मार्त-भागवत भेदाची खूण. कवळे मठाच्या घरातली मुलगी पर्तगाळी मठाच्या घरात गेली की हा भेद स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, हे आपल्या वाचकांस सांगणे नलगे. पुष्कळ टिपा सामान्य आहेत, काही उघड चुकीच्या. (तुपाच्या डागांविषयी मी मौन पाळतो.)

विवाहप्रकरणाच्या समासाकडे मात्र वकिलास दुर्लक्ष करता येत नाही. मामाच्या मुलीशी विवाह हा दाक्षिणात्यांचा आचार म्हणून बौधायनाने नोंदविला आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ आणि बहीण यांच्या अपत्यांचा विवाह निषिद्ध ठरविला. रूढी असेल तेथे तेवढी मोकळीक ठेवली. पण रूढी शाबीत करावी लागते. रामनाडच्या प्रकरणात १८६८ साली प्रिव्ही कौन्सिलने स्पष्टपणे शाबीत झालेल्या रूढीस शास्त्रवचनाहून अधिक वजन दिले. तेव्हा कुळात असे विवाह होत आले, ही पणजोबांनी कोणताही वाद नसताना केलेली नोंद क्षुल्लक कशी म्हणावी? टिपेखाली नाव असेल, कागद तीस वर्षांचा असेल आणि योग्य ताब्यातून आला असेल, तर हस्ताक्षर त्याच गृहस्थाचे मानण्याची मुभा न्यायालयास आहे. रद्दीच्या दुकानात पोथी गेली की तो ताबा तुटला.

आणि आपण काय करतो? नवी, सुबक, कोऱ्या समासाची आवृत्ती आणतो व जीर्ण प्रत श्रद्धेने नदीत सोडतो! दुसरीकडे काही उत्साही मंडळी टिपा उतरवून घेताना त्या मूळ वचनांतच मिसळतात. हा दोष मला विसर्जनाहूनही मोठा वाटतो, कारण त्यात पणजोबांचे मत काशीनाथ उपाध्यायांच्या नावावर चढते. टीप टिपेच्याच जागी राहावी, कोणत्या पानावर व कोणत्या हाताची ते लिहावे, चुकीची असली तरी सुधारू नये. मोडी वाचणारे काही वृद्ध अजून आपल्यांत आहेत. देवस्थानाच्या ग्रंथालयाने त्यांच्यापुढे प्रथम विवाहप्रकरणाची पाने ठेवावीत, एकादशीची नंतर.