करणशिल्पे : नृत्य आणि वास्तू यांच्या सहनिर्मितीचा पुनर्विचार

मंदिरांवरील नृत्यशिल्पांना ‘दगडात गोठलेले नृत्य’ म्हणण्याचा प्रघात कलाविषयक लेखनात रूढ आहे. हे वर्णन आकर्षक असले तरी शास्त्राच्या कसोटीवर ते टिकत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील चौथ्या अध्यायात १०८ करणांचे विवेचन आहे. हात आणि पाय यांची परस्परांशी जुळलेली क्रिया म्हणजे करण. स्थान, चारी आणि नृत्तहस्त ही त्याची अंगे होत. यांपैकी चारी म्हणजे पायांची हालचाल. ती थांबली की करण उरत नाही, केवळ अंगस्थिती उरते. मग करणशिल्पाने नेमके काय जतन केले, हा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर केवळ शिल्पात शोधून भागत नाही. ते शिल्प ज्या वास्तूत बसविले आहे तिचाही विचार करावा लागतो. नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यमंडपाचाच आहे. विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे मंडपाचे तीन आकार तेथे सांगितले आहेत. म्हणजेच नर्तकाचे शरीर आणि त्याला सामावून घेणारे अवकाश यांचा विचार या परंपरेने एकाच ग्रंथात केला आहे.

पहिल्या राजराज चोळाने बांधविलेल्या आणि इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात वरच्या मजल्यावरील प्रदक्षिणामार्गाच्या भिंतीवर करणशिल्पे आहेत. त्यांपैकी ८१ कोरली गेली; उरलेले शिलापट कोरेच राहिले. चिदंबरम येथे हीच करणे गोपुरांच्या प्रवेशमार्गात, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, एकावर एक अशी रचलेली आहेत. एका ठिकाणी पाहणारा देवाभोवती फिरतो, तर दुसऱ्या ठिकाणी तो देवाकडे जातो. दोन्हीकडे शिल्प स्थिर आहे आणि चालतो तो प्रेक्षक. शिल्पीने क्षण दिला, स्थपतीने मार्ग दिला. त्या दोहोंमधील गती मात्र जाणकाराने आपल्या ज्ञानाने भरावयाची आहे. सहनिर्मिती म्हणावयाची ती या श्रमविभागणीला.

हे ज्ञान क्षीण झाले तेव्हा शिल्पांचा अर्थ आकुंचित झाला. १९३६ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झालेल्या ‘ताण्डवलक्षणम्’ या ग्रंथाने चिदंबरमच्या शिल्पांची छायाचित्रे देऊन अभ्यासाला चालना दिली. परंतु छायाचित्रातही स्थितीच दिसते. करण हे गतीचे एकक आहे, हा सिद्धान्त ग्रंथ, शिल्प आणि प्रत्यक्ष नृत्यप्रयोग यांच्या आधारे डॉ. पद्मा सुब्रह्मण्यम् यांनी आग्रहाने मांडला. साताऱ्याच्या उत्तर चिदंबरम नटराज मंदिरातील १०८ करणशिल्पांची आखणी त्यांचीच आहे. नर्तकी येथे शिल्पीपुढे उभी राहणारी प्रतिकृती नसून शिल्पाची संकल्पक आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या या प्रयोगाचे महत्त्व मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे ओळखलेले नाही.

तथापि येथेच एक सावधगिरी आवश्यक ठरते. प्राचीन शिल्पांवरून नृत्याची पुनर्रचना झाली आणि त्या पुनर्रचनेवरून नवी शिल्पे घडली. उद्या हीच शिल्पे मूळ परंपरेचा पुरावा म्हणून पुढे केली गेली, तर प्रमाण आणि प्रमेय एकच होऊन युक्तिवाद चक्राकार होईल. साताऱ्याची शिल्पे हे विसाव्या शतकातील एका अभ्यासू नर्तकीचे भाष्य आहे. भाष्य म्हणून त्यांचे मोल मोठे आहे; पुरावा म्हणून त्यांचे स्थान तंजावर-चिदंबरमच्या पंक्तीत नाही.

सारांश, नृत्य वास्तूत गोठत नाही. ते तेथे ठेव म्हणून राहते आणि ती ठेव सोडवून घेण्यास नाचणारे शरीर लागते. महाविद्यालयांतून करणांचे अध्यापन केवळ चित्रांच्या साहाय्याने होत असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती अंगस्थितींची यादी येईल, नृत्य येणार नाही. शिल्पाचा अभ्यास आणि नृत्याचा सराव यांची सांगड घालणे हाच त्यावरचा उपाय होय.